सवाष्णीच्या पानातली भेंडी

अंबूवहिनींनी परातीत माझे पाय धुतले. आधी दुधाने, मग कोमट पाण्याने. डावा पाय झाला तरी मी उजवा लगेच पुढे केला नाही. जरा वेळ जाऊ दिला. त्या तशाच वाकून बसल्या होत्या, आणि त्यांचे गुडघे दुखतात हे मला चांगलं माहीत होतं.

"दे ना गं पाय," त्या हळूच म्हणाल्या.

"देते की," मी म्हटलं, आणि दिला.

अंबूवहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांच्या रोहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि त्या दिवशी आमच्या कऱ्हाडच्या घरी देवकार्य होतं. आमच्या घराची एक रीत आहे. घरात मुलीचं लग्न निघालं की घरातल्याच धाकट्या सुनेला देवीची सवाष्ण म्हणून पाटावर बसवायचं. बाहेरची बाई चालत नाही. नवरीच्या आईने सोवळ्यात स्वयंपाक करायचा, सवाष्णीचे पाय धुवायचे, तिची ओटी भरायची आणि आपल्या हाताने तिला वाढायचं. पानावर बसून तिने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि 'तृप्त झाले' असं म्हणून ती उठल्याशिवाय घरातल्या कुणाच्या तोंडात शीतसुद्धा जायचं नाही. भटजींच्याही नाही. ती तृप्त न होता उठली तर मुलीच्या संसाराला बाधतं, असं आमच्या माई, म्हणजे सासूबाई, ठामपणे मानायच्या. अंबूवहिनी त्यांच्याहून जास्त मानायच्या. मी मानते की नाही, हे मला कुणी कधी विचारलं नाही.

धाकटी सून मीच. रोहिणी परकर-पोलक्यात हिंडायची तेव्हापासून मी या दिवसाची वाट बघत होते. लोकांना वाटायचं काकूचा पुतणीवर किती जीव! तो होताच. पण तिच्या लग्नाची मला जी घाई झाली होती, ती काही तिच्यासाठी नव्हती.

पान वाढलं. महिरप रांगोळीची, समई दोन्ही बाजूंना. पुरणपोळी, कटाची आमटी, वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, कुरडया. अंबूवहिनींच्या हाताला चव होती, खोटं कशाला बोलू! माई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सासऱ्यांची बहीण गंगूआत्या त्यांच्या शेजारी. दाराबाहेर ओसरीवर पुरुषमंडळी आणि भटजी ताटकळत होते. अंबूवहिनींनी पदर खोचला, हात जोडले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "देवी, आणखी काय हवं?"

इथे सवाष्णीने आणखी एक पोळी मागायची, किंवा चमचाभर तूप. मागणं म्हणजे नुसता उपचार असतो. मी पानाला हात लावला नाही.

"मला भेंडीचं गोज्जू हवं," मी म्हटलं.

गोज्जू म्हणजे चिंचगुळाचं, भाजक्या मसाल्याचं दाटसर कालवण. माझं माहेर धारवाडचं. आमच्याकडे ते अननसाचं करतात, कारल्याचं करतात, पण माझ्या आईचं भेंडीचं गोज्जू म्हणजे भातावर घेतलं की माणूस बोलायचं विसरायचं. ते नाव ऐकलं आणि अंबूवहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला तो उतरताना दिसला, आणि खरं सांगते, त्या पुरणपोळीपेक्षा तेच मला गोड लागलं.

"आज कुठं गं भेंडी?" त्या कशाबशा म्हणाल्या. "उद्या करू हवं तर."

"उद्या मी देवी नसेन, वहिनी."

गंगूआत्या हसल्या. "मागितलंय तर करायलाच हवं, अंबू. पण भेंडी आहे का घरात?"

"माझ्या खोलीत आहे," मी म्हटलं. "धुऊन, पुसून, सोवळ्यात वाळवलेल्या पंच्यावर पसरून ठेवलीय. शेजारी मसाल्याची बाटली आहे. चिंच भिजत घातलीय. गूळ घरात आहेच."

माईंनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "रोहिणी, जा, घेऊन ये."

आता मागचं सांगते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर अंबूवहिनींचं होतं. मी चिरून द्यायचं, वाटून द्यायचं. फोडणी त्यांची. मला त्याचं वाईट वाटत नसे. माझी तक्रार एवढीच, की मी केलेल्या कशालाही त्या 'तुमच्याकडचं' म्हणायच्या. तुमच्याकडचं सारू, तुमच्याकडचा भात, तुमच्याकडची चिंच. चिंचेवर तर त्यांचा फार राग.

मग मला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते भेंडीचे. लोकांना कैऱ्या लागतात, माती लागते. मला धारवाडच्या परसातली भेंडी लागली. आई तिचे किती प्रकार करायची! कोवळी असली की अख्खीच, नुसती चीर देऊन, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत. जरा मोठी झाली की ताकातली, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची वाटून. उन्हाळ्यात फोडी ताकात बुडवून उन्हात वाळवायची आणि पावसाळाभर तळून द्यायची. आणि सणाला गोज्जू. मी रात्री अंथरुणावर पडून हे सगळे प्रकार मनात खात बसायची.

डोहाळजेवणाला आई आली. एकटीच आली, एसटीने, मांडीवर भेंडीचं गाठोडं घेऊन. अंबूवहिनींनी तिला ओट्याची एक बाजू दिली. आई सोवळं नेसली आणि कामाला लागली. मी स्टुलावर बसून बघत होते.

"भेंडीला पाणी दाखवायचं ते एकदाच, अंघोळीचं," आई फोडी करता करता सांगत होती. ती नेहमी हेच सांगायची. "मग कोरडी पुसायची. लोखंडी कढईत तेलावर सावकाश परतायची. मीठ तिला नाही घालायचं, चिंचेच्या कोळात घालायचं. आणि कोंडायची नाही बघ. भेंडीला कोंडलेलं चालत नाही. रुसतीय की लगेच."

मसाला तिने घरून भाजून आणला होता. ब्याडगी मिरची, धणे, दोन्ही डाळी, मेथीचे चार दाणे, तीळ, सुकं खोबरं. चिंचेचा कोळ उकळला, गूळ पडला, मसाला पडला, आणि शेवटी परतलेल्या फोडी. वरून मोहरी, हिंग, कढीपत्ता. असा वास सुटला की ओटीसाठी जमलेल्या बायका साड्या सावरत आत डोकावायला लागल्या. "काय हो केलंत? आम्हांला सांगा की!" कुणी कागद मागत होतं, कुणी मसाला हुंगत होतं. अंबूवहिनी पलीकडे जिलब्या मोजून ताटात लावत होत्या. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आईने गॅस बंद केला, कढई उघडीच ठेवली आणि साडी बदलायला गेली. बायकांनी मला माझ्या खोलीत नेलं आणि फुलांची वाडी भरायला बसवलं. त्यात चांगला वेळ गेला.

पंगत बसली. आई स्वतः वाढायला निघाली. तिने डाव उचलला तशी कढईतून जाड तार उठली आणि डावाबरोबर वर आली. तुटेचना. फोडी गळून गेल्या होत्या. आई बघतच राहिली. तिने दुसऱ्यांदा डाव बुडवला. पुन्हा तेच.

"अगंबाई!" अंबूवहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "हे काय हो मावशी, शेंबडासारखं? तुमच्याकडे असंच खातात का?"

पंगतीत हसू पिकलं. दुष्टाव्याने नाही, पण हसल्या सगळ्या. अंबूवहिनींनी आईच्या हातातून कढई घेतली आणि आईसमोर मोरीत ओतली. "जाऊ द्या हो, होतं असं वयामुळं," असं वर म्हणाल्या.

आई ताकभात जेवली. संध्याकाळच्या गाडीने परत गेली. स्टँडवर तिने माझा हात धरला होता.

"मला कळेनाच झालंय गं वेणू," ती म्हणाली. "माझ्या हातनं असं कधी झालं नाही. हात गेला की काय माझा?"

"आई, कुणीतरी झाकण ठेवलं. मी बघितलं ना, ओट्यावर ओलं झाकण पडलं होतं. वाफेचं पाणी होतं त्यावर."

"छे गं. उगीच कुणाला नाव ठेवू नये. कोण करील असं?"

तिला पटलं नाही. आपल्या हातावर संशय घेणं तिला सोपं गेलं, दुसऱ्याच्या मनावर घेणं जमलं नाही. धाकट्या भावाने नंतर पत्रातून कळवलं की आई आता गोज्जू करतच नाही, सांगितलं तर म्हणते मला येत नाही. माझा मुलगा रांगायला लागायच्या आधी ती गेली. हात गेला असं समजून गेली.

मी घरात कुणाला काही बोलले नाही. नवी सून, हातात पुरावा नाही, आणि अंबूवहिनींचा शब्द म्हणजे घराचा शब्द. मूग गिळून बसले. पण विसरले नाही. दर वर्षी उन्हाळ्यात मसाला भाजायची, बाटलीत भरायची आणि वापरल्याशिवाय टाकून द्यायची. ह्यांनी एकदा विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, लागेल.

तर रोहिणी भेंडी घेऊन आली.

अंबूवहिनी गॅसपाशी उभ्या राहिल्या. मी पाटावर, माझं तोंड बरोबर ओट्याकडे. पाट मी सकाळी स्वतः मांडला होता.

"तुम्ही सांग... तू सांग, कसं करायचं ते," त्या म्हणाल्या. देवीशी बोलायचं की जावेशी, हे त्यांना कळेना.

"आधी फोडी करा. बोटाच्या पेराएवढ्या. लोखंडी कढई घ्या."

त्यांनी फोडी केल्या. सुरी सराईतपणे चालत होती, पण कपाळावर घाम आला होता. तेल तापलं, भेंडी पडली. बाहेर भटजी खाकरले. कुणाचं तरी पोर भूक लागली म्हणून रडायला लागलं आणि त्याला कुणीतरी अंगणात नेलं. माईंनी डोळे मिटून घेतले होते. भेंडी परतायला वेळ लागतो. मला काही घाई नव्हती.

हळूहळू फोडींना डाग पडायला लागले. अंबूवहिनी उलथन्याने सावकाश हलवत होत्या. खालीवर, खालीवर. बरोबर चाललं होतं. फारच बरोबर चाललं होतं.

"आता झाकण ठेवा, वहिनी," मी म्हटलं.

उलथनं थांबलं.

"झाकण?"

"हो. झाकणात पाणी घाला आणि ठेवा कढईवर."

"छे, भलतंच काय!" त्या पटकन म्हणाल्या. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं तोंड, विचार करायच्या आधीच बोललं. "भेंडीवर कुणी झाकण ठेवतं का? तार सुटेल. सगळं फुकट जाईल!"

"असं?" मी म्हटलं. "तुम्हांला कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे? हे काय कुणाला शिकवावं लागतं?"

"मग माझ्या डोहाळजेवणाला माझ्या आईच्या कढईवर झाकण कुणी ठेवलं होतं?"

गंगूआत्या एकदम सावरून बसल्या. त्या होत्या त्या पंगतीत. हसल्याही होत्या.

"वेणू, हे काय काढलंस आज?" अंबूवहिनींचा आवाज चिरकला. "देवाच्या कार्याला असलं..."

"आज मी वेणू नाही. देवी विचारतेय."

"माई, बघा हो ही काय..."

माईंनी डोळे उघडले. "भेंडी करपेल," त्या म्हणाल्या. "गॅस बारीक कर आणि सांग तिला. बाहेर माणसं उपाशी आहेत."

"मला काय माहीत? त्या मावशींनीच ठेवलं असेल."

"ठेवा तर मग झाकण," मी म्हटलं. "सवाष्णीने मागितलंय. ठेवा, पाणी घाला, तार सुटू दे. तसलंच वाढा मला. मी खाईन आणि 'तृप्त झाले' न म्हणताच उठेन. मग तुमची रोहिणी आणि तुमची देवी."

हे बोलताना मी रोहिणीकडे बघितलं नाही. ती दारात उभी होती, हातात पंचा तसाच.

अंबूवहिनींनी झाकणाकडे बघितलं. मग रोहिणीकडे. त्यांनी गॅस बारीक केला, उलथनं खाली ठेवलं आणि पाठमोऱ्या राहूनच बोलल्या.

"मी ठेवलं होतं."

"मोठ्यानं."

"मी ठेवलं होतं झाकण! भांडंभर पाणीही ओतलं होतं. गॅस लावून ठेवला होता. झालं?"

गंगूआत्यांनी गालावर हात मारून घेतला. "अगं, का पण?"

मला वाटलं होतं की त्या म्हणतील, गंमत केली, किंवा गरम राहावं म्हणून ठेवलं. तसं म्हणाल्या असत्या तर माझा सगळा डाव पाण्यात गेला असता. पण त्या दिवशी त्यांना भय होतं, आणि भ्यालेलं माणूस खरं बोलतं.

"मी एक फोड चाखली होती," त्या म्हणाल्या. "सगळ्या जणी एवढं कौतुक करत होत्या, म्हटलं बघू तरी काय आहे. मग दुसरी खाल्ली. मग तिसरी. एवढं चांगलं मी कधी खाल्लं नव्हतं. या घरात मी रोज एवढ्यांचं करते, आणि कधी कुणी ओट्यापाशी येऊन म्हणालं नाही, अंबू, कसं केलंस? त्या बाई एक दिवस आल्या आणि..." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आता पुरे कर गं. किती वर्षं झाली."

"माझ्या आईला वाटलं तिचा हात गेला," मी म्हटलं. "तिने पुन्हा कधी केलं नाही. मरेपर्यंत."

माईंनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही.

"आता करा पुढचं," मी म्हटलं. "कोळ उकळायला ठेवा. मीठ त्यात घाला, भेंडीत नाही."

त्यांनी केलं. मी सांगायच्या आधीच त्यांनी गूळ किती घालायचा तो घातला, बरोबर तेवढाच. मसाला पडला. तो वास पुन्हा सुटला, तसाच, अगदी तसाच. पुरुषमंडळींतून कुणीतरी विचारलं, "काय शिजतंय हो आत?" फोडणी चुरचुरली. अंबूवहिनींनी कढई तशीच माझ्या पानाशी आणली, भातावर डाव घातला आणि मागे सरकून बसल्या.

मी पहिला घास घेतला.

काय सांगू! आईचं होतं. फोड दाताखाली जरा कुरकुरली, आत मऊ, आणि मग आंबटगोड आणि मागाहून तिखट. एक तार नाही. मी दुसरा घास घेतला आणि मनात ठरवलं की झालं, एवढी वाटीभर खायचं, 'तृप्त झाले' म्हणायचं आणि उठायचं. सगळ्यांसमोर ऐकलं, आईच्या हाताला लागलेला डाग गेला. आता पुरे.

तेवढ्यात अंबूवहिनी वाढायला पुढे वाकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा म्हणाल्या, "वेणू, कढईत दोन फोडी ठेव हं माझ्यासाठी. देवीनं खाल्लं की उरलेलं मला घेता येतं. तेव्हापासून ती चव जिभेवरून गेली नाही गं माझ्या."

काय काकुळती होती आवाजात! माणूस खरोखर भुकेलं असलं की आवाज कसा होतो, ते मला तेव्हा कळलं. आणि कळल्याबरोबर माझं सगळं ठरवणं उडून गेलं. म्हणजे त्यांनी तीन फोडी खाल्ल्या होत्या! मी डोहाळकरीण, मला एक नाही. आईने स्वतः केलं, तिलाही एक नाही, ती ताकभात खाऊन गाडीत बसली. आणि या बाईच्या जिभेवर ती चव इतकी वर्षं होती. माझ्या आईचं गोज्जू त्या दिवशी खाल्लेलं माणूस जगात एकच, आणि ते हे.

"वाढा," मी म्हटलं.

त्यांनी वाढलं.

"आणखी."

त्यांनी आणखी वाढलं. मी भात मागितला, त्यावर गोज्जू मागितलं. पुरणपोळीच्या तुकड्यांबरोबर खाल्लं. कुरडईबरोबर खाल्लं. पोट तट्ट फुगलं होतं, नऊवारीचा काष्टा रुतत होता, पण मी जेवत होते. अंबूवहिनी दर वेळी कढईत डोकावून बघत होत्या. आधी त्यांना वाटलं मी कौतुक करतेय, आणि त्या जरा खुलल्यासुद्धा. मग तळ दिसायला लागला आणि त्या खुलणं विसरल्या.

"पोटाला त्रास होईल गं," त्या म्हणाल्या.

"वाढा."

शेवटची फोड मी बोटांनी उचलली. रस उरला होता तो कढईच्या कडांना. "कढई द्या इकडे," मी म्हटलं. "आणि भात."

मी भात कढईत घातला. चांगला कालवला, कडेकडेने बोट फिरवून सगळं पुसून घेतलं आणि खाल्लं. सावकाश. एक शीत राहू दिलं नाही. अंबूवहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गंगूआत्यांना वाटलं पश्चात्तापाचं असेल. मला माहीत होतं कशाचं होतं.

मग मी कढई त्यांच्यासमोर ठेवली, लखलखीत, आणि मोठ्याने म्हटलं, "तृप्त झाले!"

ओसरीवर भटजींनी आधी टाळी वाजवली आणि मग काय केलं ते लक्षात येऊन मंत्र म्हणायला सुरुवात केली. माई म्हणाल्या, "देवी पावली." रोहिणी येऊन माझ्या पाया पडली आणि मी तिला पोटाशी धरलं. तिच्यावर माझा काही राग नव्हता, आणि तिचा संसार चांगला झाला. दोन मुली आहेत तिला, पुण्याला असते. त्या दिवशी मी जे म्हटलं ते शब्दाला शब्द खरं होतं. तेवढं तृप्त मी आयुष्यात पुन्हा झाले नाही.

अंबूवहिनी सगळ्यांत शेवटी जेवल्या. वरणभात घेतला त्यांनी.

आता माई नाहीत, गंगूआत्या नाहीत. आम्ही दोघी जावा आणि हे, एवढेच उरलोत या घरात. थोरले भाऊजी मागेच गेले. स्वयंपाक मी करते, अंबूवहिनींना उभं राहवत नाही. चांगलं चाललंय आमचं. औषधं मी देते त्यांना, केस मी विंचरते. त्यांचे दात गेल्यापासून भाजी मऊ लागते, तीही करते. भेंडी आठवड्यातून एकदा तरी होते, कधी दाण्याचं कूट घालून, कधी डाळीचं पीठ लावून, कधी भरून.

परवा जेवताना त्यांनी भेंडीची फोड बोटांत धरली आणि उलटसुलट करून बघितली.

"वेणू," त्या म्हणाल्या, "डोळे मिटायच्या आधी एकदा ते करशील का गं? तुझ्या आईचं?"

"करू की," मी म्हटलं.

आणि काल भेंडी आणली, कोवळी मिळाली छान, तर ताकातली केली.